सिद्ध गैरहजर

“ज्याच्याकडे कागद नाही तो आजारीच नाही, हे कुठल्या दवाखान्यात शिकलीस तू?”

शोभना मावशींनी हे विचारलं तेव्हा उपासनाने लॅपटॉपवरून मानसुद्धा वर केली नव्हती. दोन हजार वीसचा नोव्हेंबर. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत, भाड्याच्या घरात जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालेलं, टेबलाखाली दोन वर्षांची अंतरा डब्यांची झाकणं वाजवत बसलेली, आणि मावशी वरणभाताची वाटी घेऊन तिच्यामागे वाकून वाकून फिरताहेत. मावशी नात्याने कोणी नव्हत्या. चार घरं सोडून राहणाऱ्या पायलच्या त्या आई. फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणाला नागपूरहून आल्या त्या इथेच अडकल्या. परतीचं तिकीट तीनदा कॅन्सल झालं. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. दोन्ही घरांनी बाहेरच्यांशी संबंध तोडून आपसात ये-जा ठेवली होती, म्हणून उपासनाला कामाला चार तास मिळत.

“मावशी, हा दवाखाना नाहीये. फुटबॉल आहे.”

“फुटबॉल असो नाहीतर लगोरी. अंग तापलेलं पोरगं घरी पाठवलं, टेस्ट झाली नाही, तर तुझ्या तक्त्यात ते पोरगं कुठे जातं?”

“‘उपलब्ध’मध्ये.”

“म्हणजे खेळलं?”

“खेळलं नाही. पण खेळू शकलं असतं, असं धरायचं.”

“तापात?”

“ताप होता याला पुरावा काय, मावशी?”

“हात लावून बघायचा असतो, बाई,” मावशी म्हणाल्या, आणि झाकणं वाजवणाऱ्या पोरीच्या तोंडात त्यांनी घास सरकवला. “पण तुझं कॉम्प्युटर हात कसा लावणार म्हणा.”

उपासना हसली. मनापासून हसली. संध्याकाळी नवऱ्याला, राकेशला, तिने हा किस्सा सांगितलासुद्धा, आणि तोही हसला. “मावशींना हायर करा यार,” तो म्हणाला. विषय तिथे संपला.

तिचं काम सांगायला सोपं होतं. इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन एकमेकांना आडवं पाडायचा खेळ, आणि लहानसहान कॉलेजांतसुद्धा त्याच्या कोचचा मान प्राचार्यापेक्षा चार बोटं जास्त. पण मान हरेपर्यंतच. उपासनाची कंपनी आकडेवारीवरून कोचचं मूल्यमापन करून देत असे. त्या वर्षी उत्तरेकडच्या मैदानी मुलखातल्या दहा छोट्या कॉलेजांनी मिळून एक काम दिलं होतं. महामारीत अर्धे सामने रद्द झाले, कोणाची निम्मी मुलं आजारी, कोणाची सगळी. अशा विस्कटलेल्या हंगामात कोचना न्यायाने कसं जोखायचं, तेवढं सांगा.

‘न्यायाने’ हा शब्द वाचला आणि उपासनाने ते काम मागून घेतलं.

तिला त्या शब्दाची तहान होती. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं तिने एकच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं होतं: तुला काय टेन्शन, तुझी सीट वेगळी. तिचे मार्क कोणी विचारत नव्हतं. ती कुठून निघून त्या मार्कांपर्यंत आली, हे तर त्याहून नाही. तिचे बाबा हायस्कुलात गणित शिकवत. ते म्हणत, नुसता निकाल बघणारा माणूस अर्धंच गणित तपासतो. म्हणून तिने ठरवलं, या दहा कोचांचं पूर्ण गणित तपासायचं. प्रत्येक संघाची आधीच्या दोन वर्षांवरून ताकद काढायची, आजारपणामुळे जितके खेळाडू गेले तितकी वजा करायची, उरलेल्या संघाने किती सामने जिंकायला हवे होते ते मांडायचं, आणि मग खरे किती जिंकले ते बघायचं. रद्द झालेला सामना कोणाच्याच नावावर धरायचा नाही. आजारी खेळाडूंची सूट प्रत्येकाला.

फक्त सूट मागताना पुरावा हवा.

आणि पुरावा म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? जात पडताळणीच्या दाखल्यासाठी बाबांनी दीड वर्ष हेलपाटे घातले होते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ज्या शाळेचा, तिचं दप्तर पुरात वाहून गेलं होतं. कारकून म्हणाला, मग तुमचे आजोबा शाळेत गेले कशावरून? शेवटी एका गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत पणजोबांची नोंद सापडली तेव्हा बाबा तिथल्या पायरीवर बसून रडले होते. त्या दिवसापासून उपासनाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: कागद असला की कोणी तोंड उघडू शकत नाही. आपण सूट देतोय, तर ती अशी द्यायची की उद्या कोणी म्हणू नये, फुकटची दिली.

त्यामुळे तिने तक्त्यात रकाना केला, ‘सिद्ध गैरहजर’. पॉझिटिव्ह टेस्टचा रिपोर्ट असेल तोच खेळाडू त्यात. बाकी सगळे ‘उपलब्ध’.

टीम लीड होता परीक्षित, पुण्याचा. कंपनीत मराठी तेवढे हे दोघंच. पहिल्या दिवशी त्याने अगदी प्रेमाने विचारलं होतं, “आडनाव काय म्हणालीस?” आणि उत्तर ऐकून अर्धा क्षण जास्तच हसला होता. रकाना बघून मात्र तो खूश झाला. “सॉलिड! हे असंच हवं. नाहीतर प्रत्येक जण रडगाणं गाणार.”

डिसेंबरात तिने दहाही कोचांशी व्हिडिओवर वीस-वीस मिनिटं बोलून घेतलं. नऊ जण ऑफिसात बसले होते, मागे ढाली आणि चषक. दहावा एका जुन्या ट्रकमध्ये बसला होता, कारण घरी इंटरनेट धड चालत नव्हतं. लाइल हॉगन. साठीला आलेला, गालांची कातडी थंडीने फाटलेली. सीडर बेंड नावाच्या कॉलेजात एकोणीस वर्षं कोच. नऊ सामने ठरलेले. चार रद्द, पाच खेळले, पाचही हरले.

“तुमच्याकडे चौऱ्याहत्तर खेळाडू,” उपासना म्हणाली. “सिद्ध गैरहजर दोन. बरोबर?”

“टेस्ट झालेले दोन, मॅम. तिसऱ्या सामन्याला उभे राहू शकत होते असे तेहतीस होते.”

“बाकीच्यांच्या टेस्ट?”

“टेस्टिंग साठ मैलांवर, आठवड्यातून दोन दिवस. सकाळी रांग लावली तर दुपारी किट संपायची. तापातल्या पोराला साठ मैल घेऊन जायचं आणि परत आणायचं, त्यापेक्षा मी त्यांना आईकडे पाठवून दिलं.”

“काही डॉक्युमेंट?”

“वही आहे. रोज सकाळी प्रत्येकाचा ताप मी स्वतः मोजून लिहायचो. पानांचे फोटो पाठवतो ना.”

“पाठवा,” ती म्हणाली, “पण आमच्या फॉर्मॅटमध्ये फक्त लॅब रिपोर्ट धरतात.”

तो हसला. “म्हणजे मला वाटलं होतं त्यापेक्षा मी बराच वाईट कोच निघालो.”

तेवढ्यात अंतरा खुर्चीवर चढून पडद्यासमोर आली. हॉगनने हात हलवला. “हॅलो, कॅप्टन! बरी आहे ना ती? नाक वाहतंय तिचं.”

उपासनाने मुलीचं नाक पुसलं. पोरीच्या प्रत्येक शिंकेला दचकणारी ती. या माणसाने आपल्या आधी पाहिलं, याची तिला लाज वाटली. तिने आणखी एक पाहून ठेवलं होतं: बाजूच्या सीटवर बायकी लोकरी टोपी आणि तिच्यावर दोन बोटं धूळ. बोलता बोलता तो म्हणाला होता, बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, घर कॉलेजचंच आहे, नोकरीबरोबर मिळालेलं. ती त्याच्या मेलमधले त्रेचाळीस फोटो नंतर सावकाश बघणार होती. पण रकान्यात बसणार नव्हते, म्हणून तिने उघडले नाहीत.

रिपोर्ट गेला. हॉगन दहांत दहावा. तिच्या सूत्राप्रमाणे हाताशी बहात्तर खेळाडू असताना त्याने पाचांतले निदान दोन-तीन सामने जिंकायला हवे होते, जिंकला शून्य. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सीडर बेंडच्या वेबसाइटवर निवेदन आलं: ‘महामारीची सर्व न्याय्य सूट दिल्यानंतरही कामगिरी अपेक्षेपेक्षा फार खाली असल्याचे स्वतंत्र मूल्यमापनातून दिसून आल्यामुळे कोच हॉगन यांना सेवामुक्त करण्यात येत आहे.’

वाक्य तिचं होतं. रिपोर्टच्या पान चारवरून शब्दशः उचललेलं. खोटं कशाला बोला, पहिलं एक मिनिट तिला बरं वाटलं. आपलं वाक्य कुठेतरी छापून आलं, याचं. राकेशला तिने स्क्रीनशॉटही पाठवला. ‘वा’ असं उत्तर आलं.

त्यानंतर दहा दिवसांनी अंतराला ताप आला.

एकशे दोन. मग एकशे तीन. राकेश वरच्या खोलीत खोकत पडलेला. टेस्टची अपॉइंटमेंट पाच दिवसांनी. मुलांचा डॉक्टर फोनवर म्हणाला, आता टेस्ट करून काय फरक पडणार, आहेच असं धरून चला, ताप लिहून ठेवा, श्वास मोजा, ओठ निळे पडले तर इमर्जन्सी. मावशींना तिने दारातही येऊ दिलं नाही. पायलचं बाळ अकरा महिन्यांचं. मावशी फोनवरून सांगत राहिल्या. “वेळ टाकून लिही. किती पाजलंस ते लिही. घाबरायचं नंतर, आधी लिहायचं.”

उपासनाने फ्रिजवर कागद लावला. सात वाजता एकशे दोन पॉइंट चार. नऊला एकशे एक. दोन घोट पाणी. अकराला उलटी. तिने परीक्षितला मेसेज केला की आठवडाभर रजा हवी, कोविड आहे. त्याचा लगेच फोन आला.

“अगं घे ना, घे. काळजी घे लेकीची. फक्त कोविड लीव्हला टेस्ट रिपोर्ट लागतो. अपलोड कर, मी अप्रूव्ह करतो.”

“टेस्ट पाच दिवसांनी आहे.”

“मग तोपर्यंत पर्सनल टाक.”

“पर्सनल संपलीये, परीक्षित.”

“मग जमेल तसं लॉगिन राहा यार. सिस्टीममध्ये तू अव्हेलेबल दिसतेयस, मी काय करू सांग.”

फोन ठेवल्यावर ती फ्रिजसमोर उभी राहिली. कडेवर निखाऱ्यासारखं पोर, समोर स्वतःच्या अक्षरातले तापाचे आकडे. ती तिथेच फरशीवर बसली आणि अंतराला मांडीत घेऊन डाव्या हाताने लॅपटॉप ओढला. महिनाभर न उघडलेला तो मेल तिने उघडला.

त्रेचाळीस पानं. रेघी वही, निळं बॉलपेन, ठोकळा अक्षर. मुलांची नावं नव्हती, जर्सीचे नंबर होते. ‘५२ – एकशे दोन. वास येत नाही म्हणतो. आईला फोन केला, दोन वाजता घ्यायला येईल.’ ‘१७ – ताप नाही पण जिना चढताना थांबला. बसवला.’ ‘८ – मी खेळतोच म्हणतो. नाही म्हटलं. रडला.’ ‘६१ – आजी घरी असते म्हणून घरी जायला तयार नाही. माझ्या वरच्या खोलीत ठेवला. जेवण दाराशी.’ सहाव्या पानापासून स्वतःचाही ताप लिहिलेला होता. चौथा सामना त्याने रद्द केला त्या दिवशी एकच ओळ होती: ‘उभे राहतील असे एकोणतीस. एवढ्यांवर कोणालाही पाठवणार नाही. ओरडू देत.’

अंतराचा ताप पाचव्या दिवशी उतरला. पण त्या पाच दिवसांत, पोर झोपलं की उपासना वहीतला एकेक नंबर तक्त्यात भरत होती. भरून झाल्यावर सूत्र पुन्हा चालवलं. उरलेल्या मुलांनिशी हॉगनने पाचांत एखादा सामनासुद्धा जिंकावा अशी अपेक्षा नव्हती. तो दहावा नव्हताच. सहावा होता. फार थोर नाही, वाईटही नाही; दहांतला एक साधा, मधला कोच.

मग तिने पहिल्या क्रमांकाचा संघ पुन्हा पाहिला. त्या कॉलेजला किट भरपूर. सिद्ध गैरहजर एकवीस. त्यातली दोन मुलं हॉस्पिटलात होती, एकाचं हृदय सुजलं होतं. कोचने त्याला ताप असताना सराव करायला लावला अशी बातमी स्थानिक पेपरात होती. त्या मुलाचं हॉस्पिटलात पडणं तिच्या तक्त्यात कोचच्या बाजूने जमा झालं होतं. त्याचं कंत्राट आणखी तीन वर्षांसाठी वाढलं.

तिने परीक्षितला फोन लावला.

“चूक झालीये. माझी. रिपोर्ट दुरुस्त करून पाठवायला हवा.”

“कसली चूक? फॉर्म्युला बरोबर आहे.”

“फॉर्म्युला बरोबर आहे, पुरावा चुकीचा मागितला. ज्यांना टेस्ट मिळाली त्यांचाच आजार मोजला मी.”

“उपासना, त्या माणसाने वहीत काहीही लिहिलं असेल.”

“स्वतःचा ताप खोटा लिहून काय मिळणार होतं त्याला?”

“हे बघ, रागावू नकोस,” परीक्षितचा आवाज मऊ झाला, “पण तू तरी हे बोलू नयेस. सर्टिफिकेट असेल तरच फायदा, हा नियम तुमच्याइतका कोणाला माहितीये? विदाउट सर्टिफिकेट दिला असता का कोणी तुला?”

तिला वाईट वाटलं ते टोमण्याचं नव्हे; टोमणे तिने पचवले होते. तो म्हणाला ते खरं होतं, याचं वाईट वाटलं. दीड वर्ष ज्या खिडकीबाहेर बाबा उभे होते, त्या खिडकीच्या आत जाऊन ती बसली होती, आणि समोरच्याला म्हणाली होती, फॉर्मॅटमध्ये बसत नाही.

“आणि काम क्लोज झालंय,” परीक्षित म्हणाला. “एकाचं उघडलंस तर दहाही कॉलेजं दारात येतील. तुझं वर्क परमिट रिन्यूअलला आहे ना? कशाला उगाच!”

“तो रिपोर्ट नसता तर त्याला कोणी काढलं नसतं, परीक्षित. महामारीचं साल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. मी ‘सूट दिल्यानंतरही’ असं लिहिलं, म्हणून त्याच्याकडे सांगायला काही उरलं नाही.”

“तू जास्त विचार करतेस यार,” तो म्हणाला आणि त्याने मीटिंग आहे सांगून फोन ठेवला.

तिने कंपनीला न विचारता सीडर बेंडला मेल केला. उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, पद भरलं गेलं आहे. हॉगनला मेल केला, उत्तर नाही. फोन केला, संदेश ठेवायची पेटी भरलेली. रोज एकदा करत राहिली. राकेश म्हणाला, “अगं तो रागावला असेल. नसेल बोलायचं त्याला.” असेलही. रागावला असता तर बरंच होतं. रागावलेला माणूस निदान फोन कापतो. हा वाजून वाजून थांबत होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर टेक्सासवर बर्फ कोसळलं आणि फ्रिस्कोतली वीज गेली. घरात श्वासाची वाफ दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी उपासना अंतराला दोन स्वेटर घालून अंगणात उभ्या गाडीत बसली, हीटर लावला, फोन चार्जिंगला लावला, आणि थोडा चार्ज होताच तिने सीडर बेंडच्या मुख्य नंबरवर फोन केला. इथे हे हाल, तर तिथे काय असेल, एवढंच डोक्यात होतं.

फोन उचलणारी बाई बोलकी होती. लाइल? त्याने जानेवारीच्या शेवटी घर रिकामं केलं. नवा कोच यायचा होता ना. इथून चाळीस मैलांवर तळ्याकाठी त्याच्या सासऱ्यांची जुनी केबिन आहे, उन्हाळ्यात मासे धरायला जायचे नवराबायको दोघं, तिथे गेला म्हणे.

“थंडीत राहता येतं तिथे?”

“लाकडाची शेगडी आहे,” बाई म्हणाली. “आज उणे तीस आहे इथे, हनी.”

“तिथे कोणी जाऊन आलंय का?”

मागे कुणाचा तरी प्रिंटर चालू होता. “मला वाटलं, पोरांपैकी कोणी गेलं असेल,” बाई म्हणाली. “आम्हां सगळ्यांनाच वाटलं कोणीतरी गेलं असेल.”

मग उपासनाने त्या काउंटीच्या पोलिसप्रमुखाला, शेरिफला फोन केला. तिकडच्या माणसाने शांतपणे सगळं लिहून घेतलं.

“तुम्ही नातेवाईक?”

“नाही.”

“मैत्रीण? शेजारी?”

“मी टेक्सासमध्ये असते. मी... त्यांचं मूल्यमापन केलं होतं. नोकरीसाठी.”

“अच्छा,” तो म्हणाला. तळ्याकडचा रस्ता बर्फाखाली होता. यादी मोठी होती. म्हाताऱ्या, एकट्या, ऑक्सिजनवरच्या लोकांना आधी गाठायचं. “त्यांना काही आजार असल्याची नोंद आहे का तुमच्याकडे?”

मागच्या सीटवर अंतरा खिडकीच्या वाफेवर बोट फिरवत होती. उपासनाच्या डोळ्यांसमोर वहीचं सहावं पान आलं. ताप, त्याखाली ‘छाती जड’, त्यापुढे दहा दिवस तेच, आणि मग फक्त मुलांचे आकडे, स्वतःचे नाहीत.

“आहे,” ती म्हणाली. “त्यांनी स्वतः लिहिलेली.”

“डॉक्टरांची?”

“नाही.”

“ठीक आहे मॅम. बर्फ काढणारा प्लाऊ फिरला की गाडी पाठवतो.” दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. शेरिफचा माणूस, डेप्युटी, मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आला होता. पत्रपेटी भरलेली होती. पुढे गाडी जात नव्हती. तिथून धूर दिसला की नाही, हे त्याने लिहिलं नव्हतं.

त्या दुपारी वीज आली. राकेशने चहा टाकला. उपासना टेबलाशी बसली आणि तिने त्या दहा कॉलेजांच्या चाहत्यांचा फोरम उघडला. हॉगनच्या नावाचा धागा अजून वर होता. तीनशेच्या वर प्रतिक्रिया. ‘आकडे खोटं बोलत नाहीत,’ असं कुणीतरी लिहून खाली तिचाच तक्ता चिकटवला होता.

“स्वतःच्या नावाने लिहिणारेस?” राकेशने विचारलं.

“हो.”

“परीक्षित सोडणार नाही.”

“माहितीये.”

राकेशने अंतराला उचलून आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

तिने आधी जुना तक्ता टाकला, त्याशेजारी नवा. वहीतलं एकही पान टाकलं नाही. ती मुलांची होती. चूक काय झाली ते सहा ओळींत लिहिलं आणि ती कोणाची हेही लिहिलं. लाइल हॉगन दहांत सहावे आहेत, असं लिहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की या वाक्याचा त्या केबिनमध्ये, उणे तिसात, काही उपयोग नाही. तिने खाली आणखी लिहायला घेतलं, आणि या वेळी ती कोणत्याच कॉलेजला, कोचला किंवा चाहत्याला लिहीत नव्हती. जो कोणी हे वाचत असेल त्याला लिहीत होती.

‘आकडे पटले नाहीत तरी चालेल. मला शिव्या द्या, नंतर द्या. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा तुमचा भाऊ, मित्र, कोणी राहत असेल, तर एवढं करा. लाइल हॉगन तळ्याकाठी सासऱ्यांच्या जुन्या केबिनमध्ये एकटे आहेत. तळ्याकडचा रस्ता तुम्हाला माहीत असेल, मला माहीत नाही. स्नोमोबिल असेल तर ती घ्या, लाकडं आणि काहीतरी गरम सोबत न्या. दार वाजवा. उघडलं नाही तर परत फिरू नका, आत जा. मी नातेवाईक नाही, माझ्याकडे कसलाही कागद नाही. कोणीतरी गेलं असेल, असं समजू नका. कोणी गेलेलं नाही. तुम्ही जाऊन बघा.’